गोळीकिड्यांची तपासणी

२ तारीख, सोमवार

डोळ्यांच्या डॉक्टरांनी रोज दहा ओळी हाताने लिहायला सांगितल्या आहेत. नव्या भिंगाची सवय होते म्हणे. काय लिहू असं विचारलं तर म्हणाले, काहीही लिहा, ओळ सरळ आली पाहिजे. चौतीस वर्षं मी कारखान्याच्या रजिस्टरमध्ये 'तपासले, योग्य' आणि 'तपासले, अयोग्य' याखेरीज काही लिहिलं नाही. तेव्हा ही वही म्हणजे माझं पहिलंच साहित्य.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले. डाव्याला अजून वेळ आहे. तोवर एकटीने राहायचं नाही असं चिरंजीवांनी फर्मान काढलं आणि काल मला बॅगेसकट वहिनीकडे आणून सोडलं. तीस तारखेला न्यायला येणार आहे.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा जाऊन दोन वर्षं झाली. घरामागची त्याची रोपवाटिका आता ती एकटी चालवते. वयाने माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, नात्याने मोठी. त्यामुळे मी तिला 'वहिनी, तू' म्हणते आणि ती मला 'वन्सं, तुम्ही' म्हणते. तीस वर्षांत आम्ही चार दिवसांच्या वर कधी एकत्र राहिलो नाही. भांडण नाही, तसं प्रेमही नाही. समोरासमोर आलो की दोघी हसतो.

शाळेची मोठी ऑर्डर आहे. दोनशे चाळीस मुलांना प्रत्येकी एक घेवड्याचं रोप, कागदी कपात, सत्तावीस तारखेला. दादा गेल्यानंतरची ही पहिली मोठी ऑर्डर. नीट पार पडली तर शाळा दरवर्षी तिच्याकडूनच घेणार. कालच बिया पेरून झाल्या. "मला काही काम दे," म्हटलं तर म्हणाली, "तुम्ही आराम करा." निरोपसमारंभात सगळ्यांनी हाच शब्द वापरला होता.

चौदा ओळींच्या वर झालं. ओळी सरळ आहेत.

४ तारीख, बुधवार

आज मी कामाला लागले. वहिनी माती आणायला गेली होती, घरी कुणी नव्हतं. रोपांचे लाकडी ट्रे जमिनीलगत ठेवलेत आणि त्यांच्याखाली, मधल्या वाटांवर, भिंतीच्या कडेला नुसता पाचोळा. वरची पानं वाळलेली, खालची काळी आणि कुजट. ज्या जागेतून शाळेत माल जायचा ती जागा अशी? आमच्या कारखान्यात टेबलावर एक केस सापडला तर पट्टा थांबवायचे.

डॉक्टरांनी वाकू नका म्हटलंय, म्हणून बुटक्या स्टुलावर बसून लांब दांड्याच्या झाडूने सगळं ओढलं. अर्धी अर्धी टोपली करून पाण्याच्या टाकीमागच्या ढिगावर टाकलं. बावीस टोपल्या. शेवटी तळाची माती दिसायला लागली. फार बरं वाटलं. कितीतरी महिन्यांनी आपल्या हातून काहीतरी झालं असं वाटलं.

संध्याकाळी वहिनी आली आणि दारातच उभी राहिली. एकदा जमिनीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. काहीतरी बोलणार होती. मग म्हणाली, "दमला असाल. चहा ठेवते." स्वच्छतेची सवय नसलेल्या माणसाला एवढी स्वच्छता एकदम झेपत नाही.

९ तारीख, सोमवार

शनिवारी घेवडा वर आला. मान वाकवून मातीतून डोकं काढतो आणि मग सरळ होतो. मी दर तासाला बघून येत होते. आज सकाळी अकरा रोपं खाल्लेली. काहींची पानं कुरतडलेली, काहींचा देठच मध्ये तोडलेला.

कप उचलला तर खाली राखाडी रंगाचे किडे, तांदळापेक्षा थोडे मोठे, पाठीवर पट्ट्या पट्ट्यांचं चिलखत. बोट लावलं की पाय आत घेऊन गोळी होतात. अगदी गोल, कुठे फट नाही. चौतीस वर्षं मी औषधाच्या गोळ्या तपासल्या, पण इतकी चांगली गोळी क्वचित पाहिली असेल.

"गोळीकिडे आहेत," वहिनी म्हणाली. "दरवर्षी असतात."

"दरवर्षी रोपं खातात?"

ती झारीत पाणी भरत होती. झारी भरून वाहायला लागली तरी तिचं लक्ष नव्हतं. "यंदा जरा जास्त भूक लागलीय त्यांना," म्हणाली.

मी म्हटलं, औषध मारू. ती नको म्हणाली, मुलं हात लावणार. मग थोड्या वेळाने माझ्याजवळ येऊन म्हणाली, "वन्सं, तुमची नजर कारखान्यातली. रोज सकाळी हे किडे गोळा करून मोजाल का? संध्याकाळी मला आकडा सांगत जा."

मोजीन, म्हटलं. न मोजायला काय झालं?

१० तारीख, मंगळवार

आजचा आकडा : शहाऐंशी. रोपं गेली सात.

सवय जात नाही. नुसतं मोजून माझं भागेना, म्हणून आइस्क्रीमचे दोन रिकामे डबे घेतले, तळाशी ओली माती घातली आणि एकावर 'पास', दुसऱ्यावर 'नापास' लिहिलं. धडधाकट, एकरंगी किडे पास. त्यांना कुंपणापलीकडच्या मोकळ्या जागेत सोडायचं. काही किडे मात्र विचित्र आहेत. मागचा अर्धा भाग पांढुरका आणि पुढचा राखाडी, दोन वेगळ्या किड्यांचे तुकडे जोडावेत तसे. काहींच्या पोटाखाली पिवळट फुगवटा. हे रोगट दिसतात. रोग पसरू नये म्हणून ते नापास, झाकण लावून वेगळे.

पूर्वी डोळ्यांत तेल घालून पाहायचे, हल्ली औषध घालून पाहते, एवढाच फरक.

१२ तारीख, गुरुवार

आकडा : एकशे चार. रोपं गेली नऊ.

वहिनीच्या गबाळेपणाची कमाल आहे. काकडीची सालं, बटाट्याच्या चकत्या, कोबीची पिवळी पानं ट्रेखाली टाकून देते. बादली दहा पावलांवर आहे, पण नाही. काल सगळी उचलली, आज पुन्हा तीच तऱ्हा. मी गुपचूप उचलून टाकली. दुसऱ्याच्या घरी किती बोलायचं?

आणखी एक. 'नापास' डब्यात ती ओला स्पंज ठेवते. मी म्हटलं, मरणारच आहेत ते, कशाला? तर म्हणते, "मरेपर्यंत तहान लागत नाही का?"

संध्याकाळी चहाच्या वेळी आकडा सांगितला. तिला नुसता आकडा पुरत नाही. सगळ्यात मोठा कुठे सापडला, कोण पटकन उघडतं, कोण हट्टी आहे, सगळं विचारते. मी सांगते. आज चहा दोनदा झाला.

टाकीमागे जाऊ नका, निसरडं झालंय, असं मात्र तिने मला बजावलंय. आज दुपारी तिथून येताना तिचे हात मातीने भरलेले होते. स्वतः जाते, मला नको म्हणते.

१४ तारीख, शनिवार

आकडा : त्र्याण्णव. रोपं गेली बारा. एकूण पन्नासच्या वर गेली. वहिनीच्या चेहऱ्यावर काही नाही. मला मात्र रात्री झोप लागत नाही. दोनशे चाळीस मुलं रांगेत उभी राहणार आणि शेवटच्या साठ जणांना सांगायचं काय?

आज एक गोष्ट लिहून टाकते, एरवी कुणाला सांगितलेली नाही. कारखान्यात माझं काम असं : काळ्या पट्ट्यावरून पांढऱ्या गोळ्या जातात, त्यातली तुटकी, डागाळलेली उचलून बाजूला टाकायची. माझ्या हातून सुटली असं तेहतीस वर्षं झालं नाही. शेवटच्या वर्षी डोळ्यांत मोतीबिंदू आला आणि मला पत्ता नाही. निरोपाच्या दिवशी शेजारच्या खुर्चीवरची मुलगी रडत म्हणाली, "मावशी, आता मला डबल काम नाही." आठ महिने ती माझ्यामागून माझा माल पुन्हा तपासत होती. सगळ्या विभागाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते मला.

ती मुलगी चांगली होती, तिने मला सांभाळूनच घेतलं. पण मी तिला अजून माफ केलेलं नाही. मला सांगायला हवं होतं.

असो. आज एक अपूर्व किडा सापडला. गर्द निळा, शाईच्या दौतीत बुडवून काढल्यासारखा. हा सगळ्यांत उत्कृष्ट नमुना. काचेच्या बरणीत पानाच्या तुकड्यासकट खिडकीत ठेवला आहे.

१६ तारीख, सोमवार

आज माझी चांगलीच जिरली.

वहिनीकडे एक गिऱ्हाईक येतं. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त. फक्त नेचेच विकत घेतात, म्हणून वहिनी त्यांना नेचेवाले सर म्हणते. आज तिनेच त्यांना माझे डबे दाखवले. मी तोऱ्यात सगळं समजावून सांगितलं. हा पास, हा नापास. सरांनी खिशातून भिंग काढलं, 'नापास' डबा उघडला आणि एकेक किडा निरखून पाहिला.

मग म्हणाले, "बाई, हे अर्धे पांढरे आहेत ना, ते आजारी नाहीत. कात टाकतायत. आधी मागचा अर्धा भाग, मग दोन-तीन दिवसांनी पुढचा. सगळं एकदम उतरवलं तर फार उघडं पडायला होतं, म्हणून हप्त्याहप्त्याने."

"आणि पोटाखाली पिवळं दिसतं ते?"

"त्या आया आहेत. पोटाखाली पाण्याची पिशवी असते, त्यात अंडी. पिल्लं बाहेर पडायला तयार झाली की पिशवी फुटते. बघा, इकडे." भिंग माझ्या नव्या डोळ्यापुढे धरलं. स्पंजाच्या खाली पांढरे ठिपके होते आणि ते चालत होते. "मोठ्यांना पायांच्या सात जोड्या. यांना सहाच. सातवी पहिल्यांदा कात टाकल्यावर येते."

"म्हणजे मी सगळ्या बाळंतिणींना नापास केलं," मी म्हटलं.

"अगदी अचूकपणे," सर म्हणाले. वहिनी पदर तोंडावर धरून आत गेली.

माझी अब्रू थोडी तरी राहावी म्हणून मी निळी बरणी आणली. हा तरी पास आहे ना? सरांचा चेहरा पडला. "हा आजारी आहे. एका विषाणूने असा निळा रंग येतो. फार दिवस काढणार नाही."

म्हणजे आया आणि वाढणारे नापास, आणि जो खरोखर मरायला टेकलाय तो उत्कृष्ट. चौतीस वर्षांच्या अनुभवाचं चीज झालं. रात्री जेवताना आम्ही दोघी एकमेकींकडे पाहून इतक्या हसलो की वहिनीला ठसका लागला. मी तिच्या पाठीवर थोपटलं. तिच्या पाठीला मी याआधी कधी हात लावला होता, आठवत नाही.

१८ तारीख, बुधवार

निळा गेला. वहिनीने त्याला नेच्याच्या कुंडीत पुरलं.

आकडा : शहात्तर. रोपं गेली चार. कमी झाली, कारण आता उरलेल्यांचे देठ जून व्हायला लागलेत.

सर एक पुस्तक देऊन गेलेत, ते भिंगाने वाचते. हे किडे किडेच नव्हेत. खेकडा आणि कोळंबीचे हे भाऊबंद, पाणी सोडून जमिनीवर राहायला आलेले. श्वास अजून पोटाखालच्या कल्ल्यांसारख्या अवयवांनी घेतात, म्हणून ओल लागते. कोरड्यात ठेवलं तर गुदमरतात. तहान लागली की तोंडाने पितात आणि मागूनही पितात. हे वहिनीला वाचून दाखवलं तर म्हणाली, "चहाच्या वेळी नको हो."

आणखी एक गंमत. वाटेत एकदा डावीकडे वळावं लागलं तर पुढच्या वळणाला बहुतेक उजवीकडे वळतात. मी काड्यापेट्यांची वाट करून पाहिलं. दहातले आठ बरोबर वळले. उरलेले दोन माझ्या सासरचे असावेत.

खातात काय, तर कुजलेली पानं. त्यांची माती करणं हेच त्यांचं काम. कोवळं रोप नाइलाज झाला तरच. मग इथे कसला नाइलाज? चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला नको, म्हणून प्रयोग मांडला आहे. दोन डबे, दोन्हींत वीस वीस किडे आणि एक एक घेवड्याचं कोवळं रोप. एका डब्यात सोबत टाकीमागच्या ढिगातली कुजकी पानं (वहिनीकडून मागवली), दुसऱ्यात नुसती स्वच्छ माती. पुरावा असल्याशिवाय मी कुणाला नापास करणार नाही, हे त्या बाळंतिणींनी मला शिकवलं.

२१ तारीख, शनिवार

पानांच्या डब्यातलं रोप जसंच्या तसं. स्वच्छ डब्यातलं मुळापर्यंत साफ.

दोनदा वाचलं मी हे लिहिलेलं. मग वही मागे उलटली. चार तारीख. बावीस टोपल्या.

मी केलं हे. त्यांच्या तोंडचं अन्न झाडून नेलं आणि वर त्यांनाच चोर ठरवलं. वहिनीच्या सालांनी निदान थोडी भूक भागली असती, तर तीही मी रोज उचलून फेकली. सत्त्याऐंशी रोपं. सगळं मुसळ केरात.

पाचोळा परत आणावा म्हणून तशीच टाकीमागे गेले. निसरडं वगैरे काही नव्हतं. ढिगाशेजारी चार ट्रे. एकशे वीस कप, घेवड्याचे, हिरवेगार, दोन दोन पानं उलगडलेले. प्रत्येक कपावर वहिनीच्या अक्षरात तारीख : १२.

म्हणजे तिला बारा तारखेलाच माहीत होतं. नव्हे, चार तारखेलाच. आणि मी रोज मोजत बसले होते. पुन्हा कुणीतरी माझ्यामागून माझं काम निस्तरत होतं आणि पुन्हा ते सगळ्यांना ठाऊक होतं, मी सोडून.

बॅग भरली आहे. आज आकडा सांगायला गेले नाही.

२२ तारीख, रविवार

काल वही मिटली आणि वहिनी खोलीत आली. बॅगेकडे पाहिलं आणि कॉटच्या कडेला बसली.

"भरलीत?"

"भरली. सकाळी मुलाला फोन करते."

"मी मागून पेरलं याचा राग आहे, की सांगितलं नाही याचा?"

"दोन्हींचा," मी म्हटलं. "तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं ना?"

"हो."

"मग बोलली का नाहीस? मी काय लहान मूल आहे?"

"बोलणार होते. दारात उभी होते तेव्हा शब्द तोंडात होते. पण तुम्ही स्टुलावर बसून घाम पुसत होतात आणि इतक्या खुशीत होतात. आल्यापासून तुम्ही हसला नव्हता. म्हटलं, घेवडा काय, परत पेरता येतो."

तिने बॅगेची चेन उगाच पुढे-मागे केली.

"लग्न होऊन आले तेव्हा मला रोपातलं ओ की ठो कळत नव्हतं," ती म्हणाली. "पहिल्या हंगामात मिरचीला इतकं पाणी घातलं की सगळी रोपं मुळातून कुजली. मला वाटत होतं, छान जगलीत. कारण ह्यांनी टाकीमागे दुसरी लावली होती आणि रोज थोडी थोडी बदलत होते. मला तीन वर्षं पत्ता नव्हता."

"मग दादाने सांगितलं?"

"ते कसले सांगतायत. त्या वर्षी ह्यांनी बियाण्याच्या पुड्यांत घोळ घातला. मी गुपचूप दुसरं पेरावं म्हणून टाकीमागे गेले, तर तिथे जुन्या कुंड्यांची रांग. मिरचीची वाळलेली रोपं, त्यावर ह्यांच्या अक्षरात तारखा." ती हसली. "तीन दिवस बोलले नाही मी त्यांच्याशी. नंतर मात्र आमच्याकडे तसंच चालू राहिलं. एकाने चुकायचं, दुसऱ्याने टाकीमागे पेरायचं. दोन वर्षांत मी कितीदा चुकले, पण टाकीमागे काही नसतं."

हे तिने अगदी साध्या आवाजात सांगितलं. मग म्हणाली, "कारखान्यातल्या मुलीचं मला माहीत नव्हतं हो. आत्ता तुम्ही बोललात तेव्हा कळलं." मी बोलले होते का? बोलले असेन. रागात काय काय बोलले कोण जाणे.

"आणि किडे मोजायला कशाला लावलंस? तेवढंच मला गुंतवून ठेवायला?"

"पहिल्या दिवशी, हो. नंतर नाही. हे गेल्यापासून संध्याकाळी मला कुणी काही सांगायला येत नव्हतं, वन्सं. तुम्ही यायचात. आज शहाऐंशी, आज एकशे चार. मी दुपारपासून वाट बघायचे. आज आला नाहीत तर चहा केलाच नाही."

डॉक्टरांनी डोळ्याला पाणी लागू देऊ नका म्हटलं होतं. ते बाहेरच्या पाण्याबद्दल असावं.

जाताना दारात थांबून ती म्हणाली, "मी तीन दिवस धरला होता राग. तुमचा एकच झालाय. अजून दोन दिवस खुशाल धरा. फक्त इथे राहून धरा."

बॅग आज सकाळी रिकामी केली. राग उद्यापर्यंत धरायचा विचार होता, पण दुपारी किड्यांनी भरलेला स्पंज तिला दाखवायचा होता, त्यामुळे राहून गेला.

२४ तारीख, मंगळवार

पाचोळा परत घातला. ती टोपल्या आणत होती, मी स्टुलावर बसून पसरत होते. बावीस नेल्या होत्या, एकवीस परत आल्या. एका टोपलीची एवढ्यात माती झाली म्हणायची. 'नापास' डब्यातले सगळे पानांवर सोडले. आया पानाखाली गेल्या, पिल्लं त्यांच्यामागे. एक पुढे जाऊन थबकला, गोळी झाला, थोडा वेळ थांबला आणि कुणी काही करत नाही असं पाहून उघडला. डब्यांवरची अक्षरं मी खरवडून काढली.

२७ तारीख, शुक्रवार

गेली ऑर्डर. दोनशे चाळीस रोपं, एकूण एक धडधाकट. शेवटची तपासणी मी केली, पाठीमागे उभी राहून वहिनीने केली, मग तिची मी केली. शाळेच्या बाईंनी पुढच्या वर्षीचं आत्ताच सांगून ठेवलं. त्यांना एक काचेची पेटीही हवी आहे, पाचोळा आणि गोळीकिडे घालून, मुलांना दाखवायला. माहिती मी लिहून द्यायची. पहिली ओळ लिहिली : 'अर्धा पांढरा दिसला तर घाबरू नका, तो मोठा होत आहे.'

३० तारीख, सोमवार

सकाळी चिरंजीवांचा फोन. निघतो म्हणाला. मी म्हटलं, येऊ नकोस. "म्हणजे? कधी येऊ?" म्हटलं, डाव्या डोळ्याच्या वेळी ये, वहिनी माझ्यासोबत दवाखान्यात येणार आहे, तू बाहेर थांब आणि आम्हाला परत इथे आणून सोड. तर म्हणाला, "आई, तू बरी आहेस ना?" बरी आहे म्हटलं. खरंच आहे.

दुपारी वहिनी पुढच्या ऑर्डरचे टोमॅटो पेरत होती. बऱ्याच दिवसांनी गुणगुणत होती. साठ कप झाले आणि मला दिसलं, नव्या डोळ्याला लांबूनही दिसलं, की एकाही कपाला तिने तळाशी भोक पाडलेलं नाही. पाणी तुंबणार, बिया कुजणार. गाण्याच्या नादात विसरली.

मी सांगायला तोंड उघडलं. तिने मान वर केली, कपाळावर माती लागलेली. "काय हो, वन्सं?"

"काही नाही," मी म्हटलं. "दमली असशील. चहा ठेवते."

ती हात धुवायला गेली तेवढ्यात बियाण्याची पुडी उचलली. साठ कप, तळाला तीन तीन भोकं, टाकीमागे, ढिगाच्या सावलीत. प्रत्येकावर तारीख घातली. तिला सांगणार नाही. निदान तीन वर्षं तरी.